स्क्रिप्टमधून मराठी विकिपीडियावर लॉगिन: टोकन, कुकी, बॉट पासवर्ड आणि नेहमीचे घोळ

कळफलक (धागाकर्ता)

शेकडो पानांत एकच वर्ग बदलायचा, जुने दुवे सुधारायचे, साचा लावायचा अशी कामं हाताने करण्यात अर्थ नसतो. मग स्क्रिप्ट लिहिली जाते आणि गाडी पहिल्याच थांब्यावर, लॉगिनपाशी, अडते. इथे वेगवेगळ्या धाग्यांत हाच प्रश्न तुकड्यातुकड्याने येतो, म्हणून सगळं एका जागी. आज्ञा आणि पर्यायांची नावं देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी.

सगळ्यात आधी: आपल्या खात्याचा मुख्य पासवर्ड स्क्रिप्टला द्यायचा नाही. मीडियाविकीत (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) 'बॉटपासवर्ड्स' नावाचं विशेष पान आहे. तिथे बॉटला, म्हणजे आपोआप संपादनं करणाऱ्या स्क्रिप्टला, एक नाव द्यायचं, लागतील तेवढ्याच हक्कांवर खूण करायची आणि पासवर्ड तयार करून घ्यायचा. तो ३२ अक्षरांचा असतो आणि एकदाच दिसतो. पान बंद केलं की परत बघता येत नाही, नवीन काढावा लागतो. लॉगिनचं नावही बदलतं: मुख्य खात्याचं नाव, मग '@' आणि मग बॉटचं नाव. खातं 'उदाहरण' आणि बॉट 'वर्गदुरुस्ती' असेल तर 'उदाहरण@वर्गदुरुस्ती'. संपादनाच्या इतिहासात मात्र 'उदाहरण' एवढंच दिसतं.

असा पासवर्ड फुटला तरी चोराच्या हाती तुम्ही खूण केलेले हक्कच लागतात. खात्याचा पासवर्ड त्याला बदलता येत नाही. त्याच पानावर आयपी पत्त्यांची मर्यादाही घालता येते. स्क्रिप्ट एकाच सर्व्हरवरून चालणार असेल तर ती जरूर घाला.

आता प्रत्यक्ष लॉगिन. विनंत्या दोन, आणि दुसरी पहिलीवर अवलंबून.

पहिली विनंती गेट पद्धतीची: एपीआयच्या (स्क्रिप्टने विकीशी बोलायचं दार) पत्त्यावर 'ॲक्शन' म्हणजे 'क्वेरी', 'मेटा' म्हणजे 'टोकन्स', 'टाइप' म्हणजे 'लॉगिन', 'फॉरमॅट' म्हणजे 'जेसन'. उत्तरात लॉगिन टोकन, म्हणजे पुढच्या विनंतीत परत द्यायची एक अक्षरमाळ, येतं. त्याच उत्तराच्या हेडरमध्ये सेशनची कुकीही (सर्व्हर तुम्हाला ओळखतो ती खूण) येते आणि ती टोकनाइतकीच महत्त्वाची आहे.

दुसरी विनंती पोस्ट पद्धतीची: 'ॲक्शन' म्हणजे 'लॉगिन', सोबत 'एलजीनेम', 'एलजीपासवर्ड' आणि 'एलजीटोकन'. पहिल्या विनंतीत मिळालेली कुकी परत पाठवलीच पाहिजे, कारण टोकन त्या कुकीच्या सेशनशी बांधलेलं असतं. पायथनमध्ये रिक्वेस्ट्स या लायब्ररीचं 'सेशन' वापरलं की हे आपोआप होतं. कर्ल (आज्ञेच्या ओळीवरून विनंत्या पाठवणारं साधन) वापरत असाल तर कुकी फाइलमध्ये लिहायला लहान 'सी' आणि ती वाचून पाठवायला लहान 'बी', दोन्ही पर्याय दोन्ही वेळा द्या.

उत्तरात 'रिझल्ट' समोर 'सक्सेस' आलं की झालं.

संपादनासाठी आणखी एक टोकन लागतं, सीएसआरएफ टोकन (विनंती तुमच्याच सेशनमधून आली याची खूण). तीच 'मेटा टोकन्स' विनंती, फक्त 'टाइप' न देता. ते सेशनभर चालतं, प्रत्येक पानाला नवं मागू नका. त्याचं शेपूट ओळखीचं असतं: शेवटी '+\' ही दोन चिन्हं. आता ही खूण लक्षात ठेवा. टोकन म्हणून फक्त '+\' आलं, त्याआधी काहीच नाही, तर सर्व्हरच्या लेखी तुम्ही अनामिक आहात. लॉगिन झालेलंच नाही किंवा कुकी वाटेत हरवली आहे. स्क्रिप्टने इथेच थांबायला हवं.

---

वाटाड्या

चांगला धागा. दोषांच्या संदेशांबद्दल भर घालतो, कारण बहुतेक जण कुठलाही नकार आला की पासवर्डच बदलत बसतात.

'फेल्ड' आणि सोबत सेशनची मुदत संपली असावी अशा अर्थाचा मजकूर: कुकी परत गेलेली नाही. पासवर्ड अजून तपासलाही गेलेला नाही. पायथनमध्ये 'सेशन' न वापरता 'रिक्वेस्ट्स डॉट गेट' आणि मग 'रिक्वेस्ट्स डॉट पोस्ट' असं सुटं लिहिलं की हमखास हेच येतं.

'राँगटोकन': कुकी पोचली, पण टोकन वाटेत बदललं. याची दोन कारणं पुन्हा पुन्हा सापडतात. एक, टोकनातलं '+' हे चिन्ह. फॉर्मच्या सांकेतिकीकरणात '+' म्हणजे मोकळी जागा. कर्लला नुसत्या लहान 'डी'ने टोकन दिलंत तर ते तसंच जातं आणि सर्व्हर '+'च्या जागी मोकळी जागा वाचतो. 'डेटा-यूआरएलएनकोड' हा पर्याय वापरा. दोन, उलटी तिरकी रेघ. जेसनमध्ये ती दोनदा लिहिलेली असते: '+\\'. ग्रेप, सेड लावून टोकन कापून काढलं की दोन रेघा तशाच राहतात. जेक्यू (जेसन वाचणारं साधन) 'आर' पर्यायासकट वापरलं की एकच रेघ येते. पायथनच्या जेसन वाचकाला हा प्रश्न नाही.

'फेल्ड' आणि सदस्यनाव किंवा पासवर्ड चुकीचा असल्याचा मजकूर: आता मात्र पासवर्ड किंवा नाव बघा. यात निम्म्या वेळा '@' नंतरचं बॉटचं नाव विसरलेलं असतं.

'मस्टपोस्टपॅराम्स': पासवर्ड यूआरएलमध्ये गेला. पायथनमध्ये 'डेटा'ऐवजी 'पॅराम्स' लिहिलं की असं होतं. मीडियाविकी तो नाकारते, पण तोवर पासवर्ड सर्व्हरच्या आणि मधल्या प्रॉक्सीच्या नोंदींत जाऊन बसलेला असू शकतो. अशा वेळी बॉट पासवर्ड नवीन काढा, तोच पुढे चालवू नका.

आणि उत्तर जेसन नसून एचटीएमएल येतंय, वाचक पहिल्याच अक्षराला फुटतोय: बहुधा 'डेटा'ऐवजी 'जेसन' लिहिलंय. हा एपीआय जेसन स्वरूपातलं अंग वाचत नाही. त्याला 'ॲक्शन'च सापडत नाही, मग तो मदतीचं पान पाठवतो.

---

रातराणी

पासवर्ड फाइलमध्ये ठेवून वाचते, तरी चुकीचा म्हणतंय. ब्राउझरमधून तोच चिकटवून नवीन फाइल केली तरी तेच. नाव '@' सकट बरोबर आहे. कुकी जाते आहे, कारण पासवर्ड चुकीचा असा मजकूर येतोय. कुठे बघू?

---

वाटाड्या

ताई, फाइलचे बाइट मोजा. 'डब्ल्यूसी' ला लहान 'सी' देऊन. बॉट पासवर्ड ३२ अक्षरांचा आहे, म्हणजे ३२ यायला हवेत.

३३ आले तर शेवटी नवी ओळ आहे. 'एको'ने फाइल लिहिली किंवा नॅनो, व्हिमने जतन केली की ती येतेच. ३४ आले तर विंडोजची नवी ओळ, दोन बाइटांची. ३५ आले तर सुरुवातीला तीन बाइटांची बीओएम खूण आहे, ३७ आले तर बीओएमही आणि विंडोजची नवी ओळही. नोटपॅडच्या जुन्या आवृत्त्या यूटीएफ-८ निवडल्यावर ही खूण घालतात. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही.

पायथनमध्ये वाचताना 'स्ट्रिप' लावा, त्याने दोन्ही प्रकारच्या नव्या ओळी जातात. बीओएम जात नाही. त्यासाठी फाइल उघडताना एनकोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. शेलमध्ये 'प्रिंटएफ'ला '%एस' देऊन लिहा, तो स्वतःहून नवी ओळ जोडत नाही.

कर्लच्या 'डेटा-यूआरएलएनकोड'ला नावापुढे '@' आणि फाइलचं नाव दिलं की तो फाइल जशीच्या तशी घेतो, शेवटची नवी ओळसुद्धा सांकेतिक करून पाठवतो. लहान 'डी' फाइल वाचताना नव्या ओळी गाळतो. म्हणून एकच फाइल एका पर्यायाने चालते आणि दुसऱ्याने नाही.

---

रातराणी

३४. विंडोजवर फाइल करून सर्व्हरवर चढवली होती. 'स्ट्रिप' लावलं, 'सक्सेस' आलं. आभार.

---

उंबरठा

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा. कळपाट मराठी असताना नाव किंवा पासवर्ड हाताने टाइप केला तर आकडे देवनागरी उमटू शकतात. '१' आणि इंग्रजी एक ही सर्व्हरसाठी दोन वेगळी अक्षरं आहेत, पहिलं ३ बाइटांचं, दुसरं १ बाइटाचं. बाइट मोजल्यावर दर आकड्यामागे दोन जास्त दिसले तर हेच आहे.

आणि 'ऱ'. सदस्यनावात 'कऱ्हाड', 'दऱ्या', 'सह्याद्रीच्या कऱ्हा' असं काही असेल तर 'ऱ' हा एकच संकेतबिंदू असू शकतो (३ बाइट) किंवा 'र' आणि खाली नुक्ता असे दोन (६ बाइट). दिसायला काडीचा फरक नाही. युनिकोडच्या एनएफसी रूपात दोन्ही एकच होतात आणि मीडियाविकी स्वतः एनएफसी करते, त्यामुळे विकिपीडियावर निभावतं. पण तुमची स्क्रिप्ट स्वतः नावांची तुलना करत असेल, उदाहरणार्थ लॉगिननंतर आलेलं नाव आपलंच आहे ना हे बघताना, तर दोन्ही बाजू 'युनिकोडडेटा'मधल्या 'नॉर्मलाइझ'मधून काढा. नाहीतर लॉगिन व्यवस्थित होऊनही तुलना 'वेगळा सदस्य' सांगेल.

तिसरा प्रकार त्याहून वाईट: 'र', हलन्त आणि अदृश्य जोडणारं चिन्ह वापरून काढलेला तोच अर्धा र. तो एनएफसीनेही एक होत नाही. नाव टाइप करू नका, विकीवरच्या आपल्या सदस्यपानाच्या शीर्षकावरून उचला.

---

कळफलक

उंबरठा, ही भर फार मोलाची. इंग्रजी मदतपानांत यातलं काही सापडत नाही.

वर राहिलेली गोष्ट: लॉगिन झालं हे गृहीत न धरता प्रत्येक संपादनाच्या विनंतीत 'असर्ट' म्हणजे 'यूजर' द्या. मध्येच सेशन संपलं तर सर्व्हर 'असर्टयूजरफेल्ड' असा दोष देतो आणि संपादन होत नाही. हे दिलं नाही आणि सीएसआरएफ टोकन आंधळेपणाने पुन्हा मागवून पुढे गेलात, तर अनामिकाचं '+\' टोकन घेऊन संपादनं बिनबोभाट खात्याबाहेरून जाऊ शकतात. मग ती शोधून उलटवत बसायचं.

हा दोष आला की एकदा लॉगिन, एकदा नवीन सीएसआरएफ टोकन, मग तीच विनंती पुन्हा. एकदाच. दुसऱ्यांदा आला तर स्क्रिप्ट थांबवा. चुकीच्या पासवर्डने फिरत राहणारा लूप लॉगिनच्या मर्यादेवर आदळतो आणि मग बरोबर पासवर्डही काही काळ चालत नाही.

---

पाणवठा

एचटीटीपीची स्थिती २०० आली की यशस्वी, असं धरून चालतं का? स्क्रिप्ट सगळीकडे २०० दाखवतेय पण पानं बदललेली नाहीत.

---

वाटाड्या

नाही चालत. हा एपीआय दोषही बहुतेक वेळा २०० सोबतच पाठवतो. जेसनमध्ये 'एरर' ही किल्ली आहे का ते प्रत्येक उत्तरात बघा. संपादनाच्या उत्तरात 'एडिट' खाली 'रिझल्ट'ची किंमतही 'सक्सेस' असायला हवी. कर्लचा 'फेल' पर्याय ४०० पासून पुढच्या स्थितींनाच अपयश मानतो, त्यामुळे तो इथे उपयोगाचा नाही.

फॉर्मने लॉगिन होणाऱ्या साध्या संकेतस्थळांवरही हीच गत असते. पासवर्ड चुकला की लॉगिनचं पान पुन्हा २०० ने येतं, बरोबर असला की बहुधा ३०२ ने दुसरीकडे पाठवलं जातं. स्थितीवर विसंबू नका, आत गेल्यावरच दिसणारी गोष्ट शोधा. मीडियाविकीत ती म्हणजे 'मेटा'ला 'यूजरइन्फो'. उत्तरात 'आयडी' ० आणि 'अॅनॉन' आलं तर तुम्ही बाहेर आहात.

---

तिठा

आमच्याकडे संस्थेची खासगी मीडियाविकी आहे. तिच्यापुढे अपाचे या वेब सर्व्हरचा बेसिक ऑथ लावलाय, म्हणजे आधी ब्राउझरचा चौकोन येतो, मग विकीचं लॉगिन. वरची स्क्रिप्ट ४०१ वर अडते. दोन्ही लॉगिन एकाच विनंतीत जातील का?

---

कळफलक

जातील, कारण दोन्हींचा रस्ता वेगळा आहे. बेसिक ऑथ 'ऑथरायझेशन' हेडरमधून जातो, विकीचं लॉगिन पोस्टच्या अंगातून आणि नंतर कुकीतून. रिक्वेस्ट्सच्या सेशनवर 'ऑथ'मध्ये अपाचेचं नाव आणि पासवर्ड एकदा द्या, बाकी स्क्रिप्ट तशीच.

काळजी घ्यायच्या गोष्टी मात्र आहेत.

बेसिक ऑथमध्ये नाव, ':' आणि पासवर्ड जोडून बेस६४ करतात. हे कुलूप नव्हे, नुसता पोशाख आहे, कुणीही क्षणात उलटवतो. म्हणून एचटीटीपीएस हवंच. पत्ता 'एचटीटीपी'ने लिहिला आणि सर्व्हर लगेच एचटीटीपीएसकडे वळवत असला तरी पहिली विनंती पासवर्डासकट उघडी गेलेली असते. पत्ताच नीट लिहा. प्रमाणपत्राचा दोष येतो म्हणून 'व्हेरिफाय फॉल्स' किंवा कर्लचा 'के' लावू नका. संस्थेच्या स्वतःच्या प्रमाणपत्र देणाऱ्याची फाइल 'व्हेरिफाय'ला द्या.

नावात ':' चालत नाही, कारण पहिल्या ':' पाशीच तोडलं जातं. पासवर्डात चालतो.

हेडर हाताने बनवताना 'एको'ची नवी ओळ इथेही घुसते. शिवाय लिनक्सवरचं 'बेस६४' ७६ अक्षरांनंतर ओळ मोडतं. लांब पासवर्ड असेल तर 'डब्ल्यू'ला शून्य द्या.

---

उंबरठा

आणि अपाचेचं नाव किंवा पासवर्ड देवनागरीत असेल तर रिक्वेस्ट्स 'युनिकोडएनकोडएरर' देऊन पडेल. 'ऑथ'मध्ये दिलेली मजकुराची जोडी ती लॅटिन-१ मध्ये (पश्चिम युरोपीय अक्षरांचा संच) बदलायला जाते आणि तिथे देवनागरी बसत नाही. दोन्ही आधी 'एनकोड'ने यूटीएफ-८ बाइट करून द्या. बेसिक ऑथचं २०१५ चं प्रमाण, आरएफसी ७६१७, सर्व्हरला 'आम्हाला यूटीएफ-८ हवं' असं सांगायची सोय देतं, पण सगळे सर्व्हर सांगतात असं नाही.

हीच लॅटिन-१ ची अडचण 'यूजर-एजंट' हेडरलाही आहे. तिथे बॉटचं नाव मराठीत लिहू नका. रोमन लिपीत बॉटचं नाव, आवृत्ती आणि संपर्कासाठी सदस्यपानाचा दुवा. विकिमीडियाच्या सर्व्हरना ओळख सांगणारा यूजर-एजंट हवा असतो, लायब्ररीचा मूळचा ठेवला तर विनंती अडवली जाऊ शकते. लॉगिनच्या आधीच ४०३ येत असेल तर पासवर्डाकडे वळू नका, हे बघा.

---

वाटाड्या

तिठा, विगेट किंवा पॉवरशेल वापरत असाल तर अजून एक. विगेट पहिल्या विनंतीत बेसिक ऑथ पाठवतच नाही, सर्व्हरने ४०१ म्हटल्यावर पाठवतं. अपाचे ४०१ देतो, तेव्हा तुमच्याकडे काम होईल. पण ज्या सेवा न ओळखलेल्याला ४०१ ऐवजी ४०३ किंवा ४०४ देतात, तिथे विगेट कधीच पासवर्ड पाठवणार नाही आणि तुम्ही बरोबर पासवर्ड घेऊन बाहेर उभे. त्यासाठी 'ऑथ-नो-चॅलेंज' हा पर्याय आहे. पॉवरशेलच्या 'इन्व्होक-वेबरिक्वेस्ट'मध्ये 'क्रेडेन्शियल' दिलं तरी हीच वागणूक असते. तिथे हेडर स्वतः बनवून देता येतो. कर्ल आणि रिक्वेस्ट्स पहिल्याच फेरीत पाठवतात.

---

तिठा

जमलं. आता पासवर्ड कुठे ठेवायचा? सध्या स्क्रिप्टच्या वरच्या ओळीत आहे आणि स्क्रिप्ट गिटमध्ये जाणार आहे.

---

कळफलक

जाऊ देऊ नका. आज काढा.

आणि आधीच गेली असेल तर फाइलमधून ओळ पुसून नवा कमिट केल्याने काही होत नाही, जुन्या कमिटमध्ये पासवर्ड तसाच वाचता येतो. क्रम असा: आधी पासवर्ड बदला, मग इतिहास साफ करायचा की नाही ते ठरवा. बॉट पासवर्ड बदलायला मिनिटभर लागतं. इतिहास पुन्हा लिहायला दिवस जाईल, आणि तोवर जुना पासवर्ड चालू असेल.

ठेवायचा कुठे तर स्क्रिप्टच्या फोल्डरबाहेर, होममध्ये, परवानगी ६०० असलेल्या फाइलमध्ये. फाइल तयार करून मग परवानगी बदलण्याऐवजी आधी 'उमास्क ०७७' करा आणि मग फाइल लिहा, म्हणजे मधल्या क्षणातही ती इतरांना उघडी नसते. टूलफोर्जवर (विकिमीडियाची सामायिक सर्व्हरसेवा) काम करत असाल तर हे जास्तच महत्त्वाचं, तिथे एकाच यंत्रावर अनेकांची साधनं असतात. तिथे 'टूलफोर्ज एन्व्हार्स'चीही सोय आहे.

आज्ञेच्या ओळीत कधीच नाही. कर्लला 'यू' देऊन पुढे नाव आणि पासवर्ड लिहिला की 'पीएस' चालवणाऱ्या शेजाऱ्याला तो दिसू शकतो. कर्ल काही प्रणालींवर तो झाकतो, पण सुरू होतानाचा क्षण उघडाच असतो. वर शेलच्या इतिहासात राहतो तो वेगळा. 'यू'पुढे नुसतं नाव लिहिलं तर तो पासवर्ड विचारतो, हाताने चालवताना हे उत्तम. आपोआप चालवायला 'नेटआरसी' फाइल (प्रत्येक होस्टसाठीचं नाव आणि पासवर्ड ठेवणारी) किंवा मोठा 'के' देऊन वेगळी सेटिंगची फाइल.

---

वाटाड्या

नेटआरसी वापरणाऱ्यांनी रिक्वेस्ट्सची एक सवय माहीत करून घ्या. 'ऑथ' दिलेला नसेल तर ती स्वतःहून होममधली नेटआरसी वाचते आणि त्या होस्टची नोंद सापडली की बेसिक ऑथ लावते. तुम्ही 'हेडर्स'मध्ये हाताने 'ऑथरायझेशन' लिहिलेलं असलं तरी त्यावरून बोळा फिरवते. टोकन बरोबर, हेडर बरोबर, कोड तिसऱ्यांदा वाचून झाला, तरी सर्व्हर ओळखत नाही, आणि दुसऱ्याच्या यंत्रावर तीच स्क्रिप्ट चालते: नेटआरसी बघा. 'सेशन'चं 'ट्रस्ट_एन्व्ह' फॉल्स केलं की ती वाचली जात नाही. लक्षात असू द्या, त्याने पर्यावरणातली प्रॉक्सीची सेटिंगही बंद होते.

---

पाणवठा

क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सोय) लावलं की लॉगिन होत नाही, हाताने चालवलं की होतं. पासवर्ड बॅशआरसीमध्ये एक्स्पोर्ट केलाय.

---

कळफलक

क्रॉन बॅशआरसी वाचत नाही. पासवर्डाचं चल (व्हेरिएबल) रिकामं आहे, स्क्रिप्ट रिकामा पासवर्ड पाठवते आहे. शेलमध्ये चलाच्या नावापुढे ':?' लिहून वापरा, रिकामं असेल तर तिथेच थांबेल. पायथनमध्ये 'एन्व्हायरन' चौकटी कंसाने वाचा, 'गेट'ने नको. त्या नावाचं चल नसेल तर चौकटी कंस लगेच फुटतो, 'गेट' गप्प 'नन' देतो आणि तुम्ही पुढे जाता.

पासवर्ड क्रॉनटॅबच्या ओळीत मात्र लिहू नका. तिथे '%' म्हणजे नवी ओळ असते. पासवर्डात '%' असला की आज्ञा तिथेच तुटते आणि उरलेला भाग त्या आज्ञेला इनपुट म्हणून जातो. बॉट पासवर्डात अशी चिन्हं नसतात, पण तिठांच्या अपाचेच्या पासवर्डात असू शकतात. शेलमध्ये दुहेरी अवतरणात '$' असेल तर त्यापुढचं चल समजून उडतं. एकेरी अवतरण वापरा.

---

तिठा

ओऑथबद्दल (पासवर्डाऐवजी परवानगीचं टोकन देणारी पद्धत) कुणी लिहील का? बॉट पासवर्डपेक्षा ते बरं असं ऐकलंय. आमच्या विकीवरही ओऑथ विस्तार आहे.

---

वाटाड्या

विकिपीडियासाठी बरं, हो. मेटाविकीवर ओऑथची नोंदणी करताना 'फक्त मालकासाठी' हा पर्याय निवडला की एक लांब टोकन मिळतं. ते 'ऑथरायझेशन' हेडरमध्ये 'बेअरर' या शब्दापुढे, मध्ये एक मोकळी जागा सोडून, प्रत्येक विनंतीत पाठवायचं. लॉगिनच्या दोन्ही विनंत्या वाचतात, कुकी सांभाळावी लागत नाही. संपादनासाठी सीएसआरएफ टोकन मात्र तरीही लागतं, ते विसरलं जातं. टोकन शेकडो अक्षरांचं असतं, चिकटवताना मध्ये ओळ मोडलेली चालत नाही. ते आपोआप संपत नाही, म्हणून जपायची जबाबदारी पासवर्डाइतकीच.

तुमच्या खासगी विकीवर मात्र अडचण आहे. विनंतीत 'ऑथरायझेशन' हेडर एकच असतो. अपाचेला त्यात 'बेसिक' हवंय, विकीला 'बेअरर'. दोन्ही बसत नाहीत. म्हणून बेसिक ऑथ आहे तोवर बॉट पासवर्ड आणि कुकी हाच मार्ग धरा. किंवा एपीआयच्या पत्त्यासाठी अपाचेत बेसिकऐवजी ठरावीक आयपी पत्त्यांना परवानगी द्या, मग ओऑथ चालेल. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं, कारण एक पासवर्ड कमी सांभाळावा लागतो.

---

रातराणी

पायविकीबॉटमध्ये (विकीवर बॉट चालवायची पायथन लायब्ररी) हेच कसं लिहायचं? यूजर-कॉन्फिगमध्ये पासवर्ड टाकायची जागा दिसली नाही.

---

उंबरठा

तिथे पासवर्ड नसतोच. यूजर-कॉन्फिगमध्ये फॅमिली 'विकिपीडिया', भाषा 'एमआर', सदस्यनाव (नुसतं, '@' शिवाय) आणि 'पासवर्ड_फाइल'मध्ये दुसऱ्या फाइलचं नाव. त्या दुसऱ्या फाइलमध्ये कंसात दोन गोष्टी: सदस्यनाव आणि 'बॉटपासवर्ड', ज्याच्या कंसात बॉटचं नाव आणि पासवर्ड. इथे चूक ठरलेली: बॉटच्या नावाच्या जागी 'उदाहरण@वर्गदुरुस्ती' असं पूर्ण लिहिलं जातं. फक्त 'वर्गदुरुस्ती' हवं, '@' पायविकीबॉट स्वतः जोडतो. या फाइललाही परवानगी ६००.

पहिली धाव आपल्या सदस्यपानाखालच्या धूळपाटीवरच (सरावाचं पान) करा. तिथे एक संपादन पडलं, इतिहासात आपलं नाव दिसलं, की मग खरी पानं.

---

पाणवठा

क्रॉनचं सुटलं. शेवटचा प्रश्न: खात्याला बॉटचा दर्जा मिळालाय, 'असर्ट'ला 'बॉट' दिलं तर 'असर्टबॉटफेल्ड' येतंय. 'असर्ट यूजर' चालतंय. दर्जा सदस्यहक्कांच्या यादीत दिसतोय.

---

कळफलक

बॉट पासवर्ड बनवताना मोठ्या प्रमाणावर संपादनाचा हक्क खूण केलेला नसणार. खात्याकडे हक्क असला तरी बॉट पासवर्डने आलेल्या सेशनला खूण केलेलेच हक्क मिळतात, आणि 'बॉट' हा हक्क त्या गटात आहे. 'बॉटपासवर्ड्स' पानावर जाऊन ती खूण करा आणि जतन करा. पासवर्ड पुन्हा काढायचा चौकोन रिकामा ठेवलात तर पासवर्ड तोच राहतो. मग जुनी कुकीची फाइल पुसून नव्याने लॉगिन. संपादनाच्या विनंतीत 'बॉट' हा पर्यायही द्या, नाहीतर दर्जा असूनही अलीकडील बदलांत सगळी संपादनं साध्या संपादनांसारखी रांगेने दिसतील आणि गस्त घालणाऱ्यांना त्रास होईल. 'मॅक्सलॅग' (सर्व्हर किती सेकंद मागे पडला की विनंती थांबवायची ती मर्यादा) ५ ठेवा, सर्व्हर थांबा म्हणाला तर 'रिट्राय-आफ्टर'मध्ये जेवढे सेकंद सांगितलेत तेवढे थांबा, आणि विनंत्या एकामागून एक पाठवा, समांतर नको.

---

पाणवठा

खूण नव्हतीच. केली, कुकी पुसली, 'असर्ट बॉट' गेलं. धूळपाटीवर पाच संपादनं पडली, पाचही बॉटच्या खुणेसकट.